दोघांची जागा

“अजून दोघांची जागा आहे,” ऑस्टिन म्हणाला.

एसटीत बाकावर सरकून घेणारा माणूस म्हणतो ना, अगदी त्या सुरात. फरक इतकाच, की आम्ही उभे होतो एका पडक्या मठात, आणि त्याचं बोट होतं त्याच्या आईबापांच्या थडग्याकडे.

मठ आठशे वर्षांचा, असं त्यानंच वाटेत सांगितलं होतं. छप्पर केव्हाच गेलेलं. पश्चिमेची भिंत अर्धी पडलेली. कमानी तेवढ्या शाबूत, आणि त्यांच्याखाली, जिथं एके काळी साधू प्रार्थनेला बसत असतील तिथं, गुडघाभर गवत आणि गवतात गावाची थडगी. गावातली जिवंत माणसं रविवारी डांबरी रस्त्यावरच्या नव्या चर्चमध्ये जात. मेल्यावर मात्र इथंच यायचं, असा रिवाज.

समोरच्या दगडावर दोन नावं होती. थॉमस लिनॅन. त्याखाली नोरा लिनॅन, तिला जाऊन दोन वर्षं झालेली. आणि त्याखाली हातभर कोरा दगड.

“चौघांसाठी घेतलेली जागा,” ऑस्टिननं माणसांना नव्हे, दगडाला सांगावं तसं सांगितलं. “भाऊ ऑस्ट्रेलियात. तो काही आता परत येत नाही. म्हणजे उरली दोघांची.”

माझी भाची शरयू खाली वाकली. दगडाच्या पायथ्याशी वाढलेलं गवत तिनं चिमटीनं उपटलं आणि विचारलं, “दुपारी ऊन येतं इथं?”

“तीननंतर. ती भिंत पडलीय ना, तिकडून.”

“पाणी साचतं?”

“नाही. खाली सगळा खडक. फटींतून उतरून जातं.”

“मग चांगलं आहे,” शरयू म्हणाली, हात झटकले आणि एकटीच मठाच्या पलीकडच्या टोकाला निघून गेली.

मला वाटलं, पोरगी बिचारी शरमली. नर्स आहे, रोज म्हाताऱ्यांत वावरते, म्हणून चार शब्द तरी गोड बोलली. दुसरी असती तर किंचाळली असती.

आता मी कोण ते सांगते. मी कुमुद शिराळकर. मिरजेत ब्राह्मणपुरीत मी एकतीस वर्षं ‘शुभयोग वधूवर सूचक केंद्र’ चालवलं. ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, केंद्राच्या एकतिसाव्या वर्षातली; तेव्हा मी अठ्ठावन्नची होते आणि माणूस ओळखण्याचा मला भलताच माज होता. मुलाकडचे जिना चढून आले की चपला कोण कुठं काढतं एवढं मी बघत असे. जो बाप आपल्या चपला सगळ्यांच्या पुढं, दाराला टेकवून काढतो, त्या घरात सुनेनं जाऊ नये. जी आई नवऱ्याच्या चपला पायानं सरळ करते, तिथं खुशाल द्यावी. असे माझे ठोकताळे, आणि ते शंभरातले नव्वद वेळा खरे ठरत.

न ठरलेल्यांत पहिली शरयू. माझ्या सख्ख्या बहिणीची, कमलताईची मुलगी. सतरा वेळा तिला दाखवली. सावळी, उंच, सरळ बोलणारी. यांतला एकेक गुण एकेकटा खपतो, तिन्ही एकत्र आले की मुलाकडच्यांच्या कपाळाला आठी पडते. अठराव्या वेळी ती म्हणाली, “मावशी, पुरे,” आणि आयर्लंडमध्ये नोकरी धरली. क्लेअर नावाच्या परगण्यातल्या एका खेड्यात वृद्धांचं शुश्रूषागृह होतं, तिथं नर्स. त्याला नऊ वर्षं झाली होती. ती आता एकोणचाळीसची होती.

मला तिथं पाठवलं होतं कमलताईनं, आणि कशाला पाठवलं होतं यात कुणी काही लपवलं नव्हतं. कोल्हापूरचे प्राध्यापक गुळवणी, बायको वारलेली, मूलबाळ नाही, सज्जन. “तीन आठवडे राहा, फिर, बघ काय बघायचं ते,” ताई म्हणाली होती, “पण येताना पोरीला घेऊन ये. नाहीतर ती कायमची तिकडचीच झाली म्हणून मी समजेन.” शरयूलाही मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ती म्हणाली, “तू जायच्या आत उत्तर देते.” बस्स. तिचं घर तिकडं की इकडं, हे ठरायला तीन आठवडे, आणि त्यांतले दहा दिवस त्या मठात पोचेपर्यंत संपले होते.

आणि हा ऑस्टिन? हा शेजारी. अठ्ठेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा, डोंगराच्या पायथ्याशी घर, चाळीस गुरं. त्याची आई शेवटची तीन वर्षं शरयूच्याच देखभालीत होती. शरयू त्याला ‘आमचे ऑस्टिन’ म्हणे आणि त्यापुढं काही म्हणत नसे. मी आल्यापासून रोज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंडी ठेवलेली असत. ठेवणारा दिसत नसे, ट्रॅक्टरचा आवाज तेवढा लांब जाताना येई. चौथ्या दिवशीच मी त्याला मनातल्या मनात टिपून ठेवला होता: अबोल. आई गेलेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही. अशा पुरुषाला बायको नको असते, तिन्हीसांजेला स्वयंपाकघरात दिवा लावणारं कुणीतरी हवं असतं. मिरजेत अशी स्थळं मी जिन्यातूनच परत पाठवत असे.

तर त्या मठात शरयू लांब गेलेली बघून मी ऑस्टिनला गाठलं. माझं इंग्रजी शाळेतलं, पण रागात बरं चालतं.

“मिस्टर ऑस्टिन, आमच्याकडे लग्नाच्या मुलीला असली जागा दाखवत नाहीत. अशुभ असतं.”

त्याचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. “मला... तसं नव्हतं म्हणायचं.”

“कसंही असो. आणि तशीही ती माझ्याबरोबर परत येते आहे. तिचं लग्न ठरलंय.”

हा माझा हुकमी एक्का. नको असलेलं स्थळ परतवायला पत्रिकेचं कारण द्या, ते दुसरा ज्योतिषी आणतात. मुलगी शिकतेय म्हणा, ते थांबायला तयार होतात. ‘ठरलंय’ म्हटलं की माणूस मुकाट्यानं जिना उतरतो.

ऑस्टिननं डोक्यावरची टोपी काढली. थडगं दाखवताना काढली नव्हती, आता काढली.

“अभिनंदन,” तो म्हणाला, आणि गाडीचं दार उघडायला गेला.

परतताना त्याच्या व्हॅनमध्ये पुढच्या बाकावर आम्ही तिघं. समोरून गाडी आली की तो चाकावरून एक बोट उचलून रामराम करी, तेवढीच हालचाल. शरयू मधे बसली होती आणि उगाचच हसतमुख होती. घराशी उतरताना ती म्हणाली, “थँक यू, ऑस्टिन.” तो म्हणाला, “जपून राहा.” ती दारातच वळून त्याच्याकडे बघत राहिली. गाडी वळणाआड गेली तरी.

दुसऱ्या दिवशी अंडी आली नाहीत.

ट्रॅक्टरचा आवाज आला, पण वरच्या वाटेनं. पहिल्या दिवशी शरयूनं खिडकीचा पडदा तीनदा बाजूला केला. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी ड्युटीवर निघताना एकदा. चौथ्या दिवशी पडद्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी गणवेशाला इस्त्री करता करता, मान वर न करता म्हणाली, “मावशी, येते मी. तुझ्याबरोबरचं तिकीट बघ. गुळवण्यांना भेटेन.”

“मनापासून म्हणतेस?”

“तुला मनापासूनचं हवंय की तिकीट हवंय?”

मी फोन लावला. ताई तिकडं रडायलाच लागली. “कुमुद, तूच गं बाई! सतरा जणांना जमलं नाही ते तू जमवलंस!” खरं तर ते सतराही मीच आणले होते, पण आनंदात माणसाचा हिशेब चुकतो.

माझा एक नेम होता. अवघड स्थळ जमलं की त्या दिवशी स्वतःसाठी साजूक तुपातला शिरा करायचा. शरयू कामावर गेल्यावर मी रवा काढला. कढई तापवली. मग ती उतरवून ठेवली आणि रवा परत डब्यात भरला. का, ते मला सांगता आलं नसतं.

दुपारी ब्रायडी आली. ब्रायडी कॉन्सिडाइन म्हणजे शरयूची घरमालकीण, पंचाहत्तरीची, पुढच्याच घरात राहणारी. चहा विचारला तर तीनदा नको म्हणायची आणि चौथ्यांदा “ओतलाच असशील तर” म्हणून खुर्ची ओढायची. या बाबतीत ती थेट आमच्या ब्राह्मणपुरीतली होती, म्हणून आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

“शरयू जाते म्हणे,” ती म्हणाली.

“होय. माझ्याबरोबरच.”

“आणि ऑस्टिन?”

“त्याचं काय?”

“काही नाही,” म्हणून ती चहात बघायला लागली.

मला रागच आला. “त्या माणसाचं नाव काढू नका. फिरायला म्हणून नेलं, आणि दाखवलं काय, तर थडगं!”

ब्रायडीनं कप खाली ठेवला. “कुणाचं?”

“आईबापांचं. वर म्हणतो, अजून दोघांची जागा आहे.”

“असं म्हणाला? दोघांची? स्वतःच्या तोंडानं?”

“मग काय माझ्या?”

ब्रायडीनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. मला वाटलं, चला, हिलाही अशुभ वाटलं. पण तिचे डोळे चमकत होते.

“कुमुद, बावन्न वर्षांपूर्वी आमच्या जेम्सनं मला त्याच मठात नेलं होतं. उत्तरेच्या भिंतीपाशी. म्हणाला, ही माझी माणसं, तुला यांच्यात झोपायला चालेल का? मी म्हटलं, तुझ्या आईच्या शेजारी नको, बाकी कुठंही चालेल.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय! सप्टेंबरात लग्न झालं आमचं.”

मी हातातला कप खाली ठेवला.

“जुनी पद्धत आहे इथली,” ती म्हणाली. “आताची पोरं टीव्हीत बघून अंगठी घेतात आणि गुडघ्यावर बसतात. लिनॅनांच्या घरात गुडघ्यावर बसलेला पुरुष मी ऐकला नाही. त्यांचं मागणं हेच. जगशील तोवर माझ्या घरात, आणि मग माझ्या माणसांत. याच्यापुढं मागण्यासारखं उरतं काय? बरं, ती काय म्हणाली?”

“ऊन येतं का, म्हणाली.”

“आणि?”

“पाणी साचतं का.”

“आणि?”

“‘मग चांगलं आहे’ म्हणाली.”

ब्रायडी हसत सुटली. इतकी, की चष्मा काढून पदरानं पुसावे तसे एप्रनच्या टोकानं डोळे पुसले. “अगं, इतकं स्वच्छ ‘हो’ या गावात आजवर कुणी म्हटलं नसेल! नऊ वर्षं राहिलीय ती आमच्या म्हाताऱ्यांत, तिला काय कळत नाही? ठरलंच की मग!” आणि मग तिचा चेहरा उतरला. “पण मग हा गाढव पाच दिवस घरात दडून का बसलाय? आणि ती का निघालीय?”

या प्रश्नाचं उत्तर त्या स्वयंपाकघरात फक्त मला ठाऊक होतं.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. तिकीट निघालं असतं, ताई पेढे वाटत फिरली असती, गुळवण्यांत खोट काढायला जागा नव्हती. आणि शरयू नांदलीही असती, तिला कुठंही टाका, ती नेटानं राहणारी. मी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि ब्रायडीला विचारलं, “लिनॅनांच्या घरी कुठून जातात?”

चढाची वाट. दोन्ही बाजूंना करड्या दगडाचे डोंगर, झाड नाही, माती नाही, कुणी राखाडी फरशी बसवून सोडून दिल्यासारखे. आपल्याकडे रानात दगड असतात, इथं दगडातच काय ते रान. फरशीच्या भेगांतून बोटभर निळी फुलं वर आलेली, इतकी गडद निळी की पायताण ठेवायला संकोच वाटावा. या डोंगरावर ही माणसं गुरं नेतात ती हिवाळ्यात, आणि उन्हाळा लागला की खाली आणतात. सगळ्या जगाच्या उलटं. दगड उन्हाळाभर ऊब धरून ठेवतो म्हणे आणि थंडीत सोडतो. हे ऑस्टिननं सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं होतं, माणसंही उलटीच असणार.

तो वाटेच्या कडेला पडलेला गडगा पुन्हा रचत होता. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड.

“मिस्टर ऑस्टिन.”

“मिसेस शिराळकर.” त्यानं माझं आडनाव तीन तुकडे करून उच्चारलं, पण बिनचूक.

“मी खोटं बोलले.”

हातातला दगड त्यानं आधी नीट बसवला. “कशाबद्दल?”

“तिचं लग्न ठरलेलं नाही. एक माणूस आहे आमच्याकडे, त्याचा फोटोसुद्धा तिनं बघितला नाही. मी ठरलंय म्हटलं, कारण... माझा धंदाच आहे तो.”

“खोटं बोलण्याचा?”

“लग्नं जमवण्याचा. पण दोन्ही एकाच दुकानात मिळतं.”

त्याच्या तोंडाची एक बाजू हलली. “तुम्ही मला हे सांगितलं होतंत, ते तिला माहीत आहे?”

“नाही.”

“मग आधी तिला सांगा,” तो म्हणाला. “मला मागून सांगितलंत तरी चाललं असतं.”

एकतीस वर्षांत माझ्यापुढं बसलेल्या किती पुरुषांनी आपल्याआधी मुलीचं बघितलं होतं, ते मी तिथल्या तिथं आठवून बघितलं. फार वेळ लागला नाही.

“एक विचारू? राग मानू नका. तुम्हाला घरात दिवा लावायला कुणी हवंय का?”

त्यानं खरंच विचार केला. “दिवा मला लावता येतो.” मग दुसरा दगड उचलला, तो कुठं बसेल ते फिरवून फिरवून बघितलं, आणि खाली ठेवला. “आईला शेवटी काही कळायचं नाही. मी कोण, तेसुद्धा. शरयू तिचे केस विंचरताना तिच्याशी बोलायची. तुमच्या भाषेत. बरंच काही बोलायची, मधेच हसायची. मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. एक शब्द कळायचा नाही. पण आत गेलो तर ती थांबेल, म्हणून जायचो नाही.”

एवढं बोलून तो दमला असावा. पाठ करून गडग्याला लागला. मी खाली उतरले.

शरयू सहाला आली. मेमधलं ऊन अजून भिंतीवर लख्ख होतं. तिनं बूट काढायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. नंतर धीर झाला नसता. ब्रायडीचं, मठाचं, माझ्या ‘ठरलंय’चं.

ती बुटांसकट खुर्चीत बसली.

“तू असं म्हणालीस त्याला?”

“होय.”

“आणि मी पाच दिवस...” तिनं हाताच्या तळव्यांकडे बघितलं. “मला वाटलं, मी ‘चांगलं आहे’ म्हटलं ते फार लगेच म्हटलं. त्याला वाटलं असेल, ही टपूनच बसली होती. मला वाटलं, मागे सरला.”

“तो मागे सरला नाही. मी सारला.”

“मावशी, सतरा नकार मी स्वतःच्या कानांनी ऐकले. अठरावा तू मला न ऐकवताच देऊन टाकलास. तोसुद्धा माझ्याच वतीनं.”

ती उठली, तोंड धुऊन आली, टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

“जा, सांग त्याला.”

“काय सांगू?”

“ते मी सांगायचं? तुझा धंदा आहे ना?”

“मग माझ्या पद्धतीनं सांगेन हं.”

तिनं फळीवरचा डबा काढून हलवून बघितला. “पोहे उरलेत थोडे. चौघांना पुरतील.”

ताईला मी त्याच दिवशी कळवलं. “आणायला पाठवलं होतं तुला, द्यायला नव्हे!” म्हणून तिनं फोन आपटला. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. मुलाची उंची किती, विचारायला. मी ओळखलं, आता काळजी नाही.

रविवारी दुपारी चारला मुलाकडची मंडळी आली. मंडळी म्हणजे मुलगा आणि ब्रायडी. घरमालकीण मुलाच्या बाजूनं आलेली मी पहिल्यांदाच बघत होते, पण त्याला दुसरं मोठं माणूस नव्हतं आणि तिला हौस होती. तिनं फुलाची टोपी घातली होती आणि सफरचंद भरलेली गोड कचोरीसारखी ‘पाय’ भाजून आणली होती. ऑस्टिन काळ्या सुटात होता. तो सूट गावातल्या मयतांना घालतो, हे मला ब्रायडीनं दारातच कानात सांगितलं, दुसरा नव्हताच. त्यानं बूट काढले, ते उंबऱ्याच्या एका बाजूला ठेवले, आणि ब्रायडीचे वाटेत पडलेले उचलून आपल्या बुटांशेजारी लावले. मी ते बघून ठेवलं.

शरयू निळ्या साडीत ट्रे घेऊन आली. पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर, सगळं रीतसर. ऑस्टिननं पहिल्याच घासात आख्खी मिरची चावली. डोळ्यांत पाणी आलं, कानांच्या पाळ्या पेटल्या, तरी तो खात राहिला. बशी रिकामी केली आणि म्हणाला, “फार छान.” आवाज बसला होता.

“थोडे वाढू?” शरयूनं साळसूदपणे विचारलं.

“वाढ,” तो म्हणाला. शूर माणूस.

मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात, जणू ब्राह्मणपुरीतल्या दिवाणखान्यात बसले आहे अशी, म्हणाले, “मुलाला मुलीला काही विचारायचं असेल तर विचारावं.”

सतरा मुलांनी या वाक्यानंतर काय काय विचारलं होतं! नोकरी सोडशील का. चपला काढून उंची किती. गाणं म्हणून दाखव. एकानं तर विचारलं होतं, झोपेत घोरतेस का. ऑस्टिननं बशी मांडीवरून खाली ठेवली.

“मला काही विचारायचं नाही. माझं विचारून झालंय,” तो म्हणाला. “तिला विचारायचं असेल तर तिनं विचारावं.”

हे वाक्य एकतीस वर्षांत मी एकाही मुलीला म्हटलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.

शरयूनं ट्रे बाजूला ठेवला. समोरच्या स्टुलावर ती त्याच्याकडे तोंड करून बसली.

“नऊ वर्षं का लागली?”

ब्रायडी बोलायला निघाली, मी तिला नजरेनं दाबलं.

“तू दर नाताळाला म्हणायचीस, पुढच्या वर्षी घरी जाणार,” तो म्हणाला. “जायला निघालेल्या माणसाला जागा कशी दाखवायची?”

“मी ते म्हणायचे, कारण कुणी ‘जाऊ नकोस’ म्हणतं का, ते बघायचं होतं.”

“मला वाटलं, तुला जायचंय.”

“मला वाटलं, मी गेले तरी तुला चालेल.”

“नाही चालणार,” ऑस्टिन म्हणाला.

“दोघांची मिळून अठरा वर्षं!” ब्रायडीला राहवेना. “देवा, त्याऐवजी मला विचारलं असतंत तर!”

शरयू हसायला लागली. मी तिला सतरा बैठकांत बघितलं होतं, ट्रे हातात घेऊन हसताना कधी बघितलं नव्हतं. आता ट्रे नव्हता, ही गोष्ट वेगळी.

“बरं, झालं ना?” ब्रायडीनं मला विचारलं. “आता तुमच्यात पुढं काय करतात?”

“आता मुलाकडची मंडळी उठतात, ‘कळवतो’ म्हणतात आणि घरी जातात.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे घरी जाऊन विचार करतात आणि होकार-नकाराचा निरोप पाठवतात.”

“किती दिवसांनी?”

“काहींचा अजून यायचाय,” शरयू म्हणाली.

आम्ही तिघी हसलो. ऑस्टिन हसला नाही. तो नीट ऐकत होता, गुरांच्या औषधावरची सूचना वाचावी तसा. त्यानं रुमालानं तोंड पुसलं, उठला, टोपी घेतली.

“कळवतो,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. मग शरयूकडे बघून पुन्हा म्हणाला, “कळवतो.” दारात बूट चढवले, बाहेर पडला आणि मागं दार लावून घेतलं.

ब्रायडीच्या हातातला चमचा तसाच राहिला. “गेला की गं! हा गाढव खरंच गेला!”

मी खिडकीशी गेले. तो अंगणातून सरळ चालत फाटकापाशी पोचला. फाटक उघडलं, बाहेर गेला आणि शेतकरी लावतो तशी कडी व्यवस्थित लावली. मग वाटेत, डोंगराकडे तोंड करून, हात मागं बांधून उभा राहिला. एक, दोन, तीन... मी मोजत होते. विसापर्यंत पोचले नसेन. त्यानं वळून फाटक उघडलं, आत आला, पुन्हा कडी लावली.

दारावर टकटक झाली.

“कोण आहे?” मी विचारलं. सवयीनं.

“कळवायला आलोय,” बाहेरून आवाज आला.

मी दाराकडे निघाले, तर ब्रायडीनं माझा हात धरून मला खाली खुर्चीत बसवलं, आणि शरयू उठली.